गिरगाव-भायखळ्यात घर घेताना आधी विचारा: विकलं नेमकं काय जातंय?

प्रश्न थोडक्यात असा. नवराबायको दोघंही नोकरीला, एकाचं ऑफिस फोर्टला, दुसऱ्याचं लोअर परळला. दोन मुलं आणि सासूबाई. कर्ज धरून दीड कोटीच्या आसपास जमतील. नातेवाईक म्हणतात, ठाण्याला मोठं घर घ्या. यांना मात्र गिरगाव, भायखळा, माझगाव याच पट्ट्यात राहायचंय, कारण मुलांनी सगळ्या तऱ्हेच्या माणसांत वाढावं असं त्यांना वाटतं. एजंटनं तीन जागा दाखवल्यात: एक पागडीची (एकरकमी पैसे देऊन भाडेहक्क घ्यायची), एक १९७५ च्या सुमाराच्या सोसायटीतली आणि एक पुनर्विकासातल्या टॉवरमधली. कोणती घ्यावी, काय तपासावं आणि सोसायटी आपल्याला घेईल का?

इच्छा चांगली आहे आणि ती पुरी होण्यासारखीही आहे. फक्त जुन्या मुंबईत घराचा भाव, खोल्या, व्ह्यू हे सगळं नंतर. पहिला प्रश्न एकच: समोरचा माणूस तुम्हाला नेमकं काय विकतोय? भाडेहक्क, सोसायटीतला सभासद हक्क, की अजून न बांधलेल्या मजल्यावरचं वचन? दारावरची पाटी तिन्हीकडे सारखीच दिसते. कागद मात्र पार वेगवेगळे असतात, आणि इथं बुडालेले बहुतेक पैसे हा फरक न कळल्यामुळेच बुडतात.

सुरुवात जमिनीपासून करा. एजंटकडून सी.एस. नंबर (जमिनीचा सर्वेक्षण क्रमांक) आणि डिव्हिजन घ्या. शहर भागात गिरगाव डिव्हिजन, माझगाव डिव्हिजन असे भाग आहेत, उपनगरातला सीटीएस नंबर इथं चालत नाही. त्या नंबरावरून मालमत्ता पत्रक काढा. त्यावर धारक म्हणून कोणाचं नाव आहे ते बघितलं की अर्धी गोष्ट कळते. खासगी मालक किंवा सोसायटीचंच नाव असेल तर बरं. सार्वजनिक ट्रस्टचं नाव असेल, तर जमीन विकायला किंवा दीर्घ मुदतीनं भाडेपट्ट्यानं द्यायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ३६ खाली. ती झाली होती का, तिचा आदेश मागा. वक्फची जमीन असेल तर २०१३ च्या दुरुस्तीनंतर ती विकताच येत नाही. डोंगरी, भेंडीबाजार, मोहम्मद अली रोडच्या बाजूला हे खास तपासा. माझगाव, डॉकयार्ड रोड, रे रोड, शिवडीकडे धारक म्हणून पोर्ट ट्रस्ट दिसेल, म्हणजे आताचं मुंबई बंदर प्राधिकरण. तिथं भाडेपट्टा संपलाय का, नूतनीकरण झालंय का, हे लेखी हवं. पट्टा संपलेल्या जमिनीवर बंदराच्या ना-हरकतीशिवाय पुनर्विकास अडतो, आणि बँकाही हात आखडता घेतात. दादर-माटुंग्याकडे गेलात तर पालिकेचे भाडेपट्टे भेटतील. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधार ट्रस्टनं ते प्लॉट पाडले. त्यांच्या पट्ट्यात वापराच्या आणि बांधकामाच्या अटी असतात, त्या मुळातून वाचा.

आता पागडी. पागडीत तुम्ही मालक होत नाही, भाडेकरू होता, हे घरातल्या सगळ्यांना, विशेषतः मोठ्यांना, स्पष्ट सांगा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५६ नं भाडेहक्क सोडताना किंवा हस्तांतरित करताना पैसे घेणं कायदेशीर झालं. म्हणून "अर्धे रोख द्या, पागडीत तसंच असतं" असं कोणी म्हटलं तर तिथंच थांबा. सगळी रक्कम बँकेतून जाऊ शकते आणि जायलाच हवी. दोन पावत्या हव्यात: जुन्या भाडेकरूला दिलेल्या रकमेची आणि मालकाला दिलेल्या हिश्शाची. मालकाचा हिस्सा साधारण एक तृतीयांशापासून पुढं, घासाघीस होईल तसा ठरतो. तो कायद्यात लिहिलेला नाही. तो कोण भरणार, विकणारा की तुम्ही, हे बोली करतानाच लिहून घ्या.

मालकाची लेखी संमती आणि तुमच्या नावानं नवा नोंदणीकृत भाडेकरार, या दोन गोष्टींशिवाय एक रुपयाही देऊ नका. कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. "आधी पैसे, मग भाडेपावती बदलू" या बोलीवर घेतलेल्या जागेची पावती कधीकधी दहा वर्षं बदलत नाही. मालक वारला, त्याच्या पाच मुलांत वाद लागला, की पावतीवर सही कोणी करायची हाच प्रश्न होऊन बसतो.

विकणाऱ्याच्या नावावर भाडेपावती आली कशी, हे बघणं तितकंच महत्त्वाचं. भाडेकरू वारल्यावर हक्क सर्व वारसांना आपोआप वाटला जात नाही. मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहत असलेल्या कुटुंबीयाला तो जातो. असं कोणी नसेल तर वारसांपैकी कोणाला, हे आपसांत ठरवावं लागतं, नाहीतर न्यायालय ठरवतं. आणि भाडेहक्क मृत्युपत्रानं देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९४ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणजे "काकांनी मृत्युपत्रात मला दिली" असं सांगणाऱ्याकडून जागा घेतलीत, तर दुसरा पुतण्या लघुवाद न्यायालयात उभा राहील. शिवाय सलग सहा महिने वाजवी कारणाशिवाय जागा बंद राहिली, परवानगीशिवाय पक्कं बांधकाम केलं किंवा पोटभाडेकरू ठेवला, तर मालकाला ताबा मागण्याचं कारण मिळतं. मालक आणि विकणारा यांच्यात असा दावा चालू आहे का, ते वकिलाकडून बघून घ्या. दाव्यासकट जागा घेतली तर दावाही तुमचाच होतो.

पागडी घेणारे बहुतेक लोक पुनर्विकासाकडे डोळे लावून घेतात. तिथंही तारीख बघा. उपकरप्राप्त इमारतीचा (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतीचा) पुनर्विकास विकास नियंत्रण नियमावली २०३४ च्या नियम ३३(७) खाली होतो. त्यात भाडेकरूला सध्याच्या चटईक्षेत्राइतकी (घराच्या आतल्या वापरायच्या जागेइतकी), पण किमान ३०० चौरस फूट जागा मिळते, कमाल १२० चौरस मीटर (सुमारे १,२९० चौरस फूट). पण १३ जून १९९६ नंतर नव्यानं तयार झालेला भाडेहक्क मोजला जात नाही. एका मोठ्या खोलीचे पार्टिशन टाकून दोन गाळे केलेले असतात आणि दोघांना दोन पावत्या दिलेल्या असतात. असं १९९६ नंतर झालं असेल, तर योजनेत दोन घरं मिळत नाहीत. त्यामुळं १९९६ पूर्वीची भाडेपावती, जुनं वीजबिल, शिधापत्रिका, म्हाडाच्या प्रमाणित यादीतलं नाव, हे सगळं साखळीनं जुळलं पाहिजे. मधे एक कडी तुटली की पात्रता यादीत नाव "अपात्र" म्हणून येतं.

इमारत उपकरप्राप्त आहे का आणि कुठल्या वर्गात, हेही विचारा. अ वर्ग म्हणजे १ सप्टेंबर १९४० पूर्वीची, ब वर्ग तिथून ३१ डिसेंबर १९५० पर्यंतची, क वर्ग ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतची. या इमारतींची दुरुस्ती म्हाडाचं मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ करतं. पावसाळ्यापूर्वी मंडळ अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतं. मागच्या चार-पाच वर्षांच्या याद्यांत तुमची इमारत आहे का, एवढं तपासायला एक दुपार पुरते. भेंडीबाजारातली हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ ला कोसळून ३३ माणसं गेली. पुनर्विकास "होणारच आहे" म्हणून थांबलेल्या इमारतीत राहण्याचा धोका कागदावरच्या फायद्याहून मोठा असू शकतो.

आणि तुमच्यासाठी सगळ्यात व्यवहारी मुद्दा: पागडीच्या जागेवर बँका सहसा गृहकर्ज देत नाहीत. तुमचं दीड कोटीचं गणित कर्जावर उभं आहे. तेव्हा पागडीचा पर्याय बाजूला ठेवा.

सोसायटीतल्या जुन्या फ्लॅटकडे या. माझ्या मते तुमच्यासाठी हाच रस्ता आहे, पण तो नीट चालावा लागतो. कागदांची मांडणी अशी करा: पहिल्या खरेदीदारापासून आजच्या विक्रेत्यापर्यंत प्रत्येक करारनामा, सोसायटीचा भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट), त्याच्या मागच्या बाजूला हस्तांतराच्या नोंदी. १० डिसेंबर १९८५ नंतरच्या प्रत्येक करारावर नीट मुद्रांक शुल्क भरलेलं हवं. नसेल तर थकबाकी आणि दंड विक्रेत्यानं भरावा असं करारात घाला. इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा गोषवारा) काढून ३० वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घ्या आणि मराठी-इंग्रजी दोन वर्तमानपत्रांत १४ दिवसांची जाहीर नोटीस द्या. नोटिशीचा खर्च वाचवण्याचा मोह टाळा. विसरलेली बहीण, गोव्यातला भाऊ, गहाण ठेवून घेतलेलं खासगी कर्ज, हे त्याच नोटिशीतून बाहेर येतं.

या पट्ट्यात विक्रेते बरेचदा वारस असतात आणि त्यातले काही परदेशात. नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे, हे लक्षात ठेवा. नॉमिनीनं एकट्यानं विकायला काढलेली जागा बाकीच्या वारसांच्या नोंदणीकृत हक्कसोडपत्राशिवाय घेऊ नका. विक्रेता अनिवासी भारतीय असेल तर उद्गम कर (टीडीएस) एक टक्का नसतो, त्याच्या भांडवली नफ्याच्या हिशेबानं बराच जास्त असतो. तो कापायची जबाबदारी तुमची, चुकलात तर वसुलीही तुमच्याकडून. परदेशात केलेलं कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीनं किंवा अपोस्टीलनं (तिथल्या सरकारच्या प्रमाणपत्रानं) प्रमाणित झालेलं आणि महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरलेलं लागतं. ते देणारा माणूस आज हयात आहे याची खात्री व्हिडिओ कॉलवर करून घ्या. देणारा गेला की साधं मुखत्यारपत्र संपतं.

जमीन सोसायटीच्या नावावर झालेली नसणं हे जुन्या इमारतींचं दुखणं आहे. हे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स) झालं नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डर करून देत नसताना सरकारी आदेशानं होणाऱ्या हस्तांतराचा, अर्ज केलाय का, विचारा. ते नसताना पुनर्विकासाच्या वेळी मूळ बिल्डरचे वारस उगवतात. भोगवटा प्रमाणपत्रही (ओसी, म्हणजे राहायला वापरण्याची परवानगी) बऱ्याच इमारतींना नसतं. फक्त त्या एका कारणानं जागा नाकारू नका. मंजूर नकाशे, जुनं पाणी जोडणीचं पत्र आणि तुमच्या बँकेच्या वकिलाचं मत बघून ठरवा.

मग इमारत स्वतः. पालिका कायद्याच्या कलम ३५३ब खाली ३० वर्षांपुढच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करावी लागते. तो अहवाल सचिवांकडून मागा आणि फक्त शेवटचं पान वाचू नका. वर्ग सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची. सी-२अ म्हणजे काही भाग रिकामा करून किंवा पाडून मोठी दुरुस्ती. सी-२ब म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ. सी-२ब असेल तर घाबरू नका, पण दुरुस्तीचा अंदाजित खर्च भागिले सदनिका, हा आकडा लगेच काढा आणि भावातून वजा करून घ्या. आतल्या चाचण्या अशा वाचा. अल्ट्रासॉनिक पल्सचा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट चांगलं, तीनच्या खाली असेल तर शंकास्पद. हाफ-सेल चाचणीत उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा आणखी खाली आकडे असतील तर आत सळई गंजत असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून जास्त धरतात. कार्बोनेशनच्या चाचणीत रसायन फवारल्यावर काँक्रीट गुलाबी झालं तर ठीक. रंग आला नाही तर तेवढ्या खोलीपर्यंत सळईचं संरक्षण गेलंय. मोजमापं कुठून घेतली तेही बघा. पन्नास खांबांच्या इमारतीत सहा जागी चाचणी करून दिलेला "सुरक्षित" हा शेरा पुरेसा नाही.

स्वतःच्या डोळ्यांनी काय बघाल? तुमच्या वरच्या आणि खालच्या मजल्यावरचं संडास-बाथरूमचं छत, तळमजल्यावरच्या खांबांचे पाय, छज्जे, गच्चीवरच्या टाकीखालचे बीम. सळईच्या रेषेत उभी-आडवी तडा आणि तिच्या कडेनं तांबूस डाग दिसला की आतला लोखंडाचा गंज फुगून काँक्रीट ढकलतोय असं समजा. ताजा रंग आणि ताजं पीओपी दिसलं तर विक्रेत्याला छताचा एक तुकडा उघडू द्यायला सांगा. विक्रेता सरळ असेल तर तयार होतो.

गिरगावच्या वाड्यांत किंवा आग्रीपाड्याच्या जुन्या चाळींत लाकडी सांगाड्याची जागा बघत असाल, तर तपासणी वेगळी. सागवानी तुळई मधे सहसा कुजत नाही. ती भिंतीत शिरते त्या टोकाला आणि मोरीखाली कुजते, कारण तिथं ओल कायम असते आणि हवा खेळत नाही. पेचकसाचं टोक दाबून बघा, आणि ठोकून आवाज ऐका: भरीव "टण" की पोकळ "ढप". फरशीवर गोटी ठेवा, ती एकाच दिशेनं पळाली तर मजला खचलाय. आणि ताबा मिळाल्यावर पहिलीच चूक लोक करतात ती वजनाची. जुन्या लादीवर सिमेंट-वाळूच्या मसाल्याचा पाच सेंटिमीटर थर देऊन नवी टाइल बसवली तर फक्त मसाल्याचंच वजन चौरस मीटरला साधारण शंभर किलो होतं. दीडशे चौरस फुटांच्या खोलीत ते सव्वा टनाहून जास्त. वर माळ्यावर ५०० लिटरची टाकी ठेवली की आणखी अर्धा टन. लाकडी तुळईनं हे कधी पेलायचं ठरलेलंच नव्हतं. अशा घरात जुनी लादी काढून पातळ थरावर नवी बसवा, किंवा आहे तीच घासून घ्या.

वायरिंग हा असाच दुर्लक्षित विषय. जुन्या घरात अर्थिंग नसतं किंवा पाण्याच्या नळाला जोडलेलं असतं. दोन एसी, गिझर आणि इंडक्शन चालवायचं तर बेस्टकडे (शहर भागाला वीज पुरवणाऱ्या उपक्रमाकडे) मंजूर भार वाढवून घ्या, मीटरपासून घरापर्यंतची केबल बदला, आणि ३० मिलिअँपिअरचा वीजगळती-रोधक ब्रेकर बसवा. पन्नास-साठ हजारांचं काम असेल तरी ते फर्निचरच्या आधी करा.

टॉवरबद्दल थोडक्यात. ताबा तयार असेल तर पूर्ण भोगवटा प्रमाणपत्र बघा, अंशतः असेल तर तुमचा मजला त्यात आहे का ते. बांधकाम चालू असेल तर महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांच्या नियामकाच्या) पानावर प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे बांधकामाची परवानगी, कितव्या मजल्यापर्यंत आहे, ताबा तारीख कितीदा पुढं गेली, गहाण आणि खटले काय आहेत, हे वाचा. करारनामा नोंदवण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम विकासक मागू शकत नाही. आणि पुनर्वसनाची, म्हणजे जुन्या भाडेकरूंची, इमारत आधी उठतेय का, ते प्रत्यक्ष जाऊन बघा. जुन्या भाडेकरूंना भाडं थकलं की ते न्यायालयात जातात आणि विक्रीची इमारतही थांबते. मग देखभाल: चौरस फुटाला १५ रुपये म्हणजे ६५० फुटांना महिन्याला ९,७५०. हप्त्यावर हे चढवून मगच परवडतं का ते बघा. एकाच प्लॉटवर जुने रहिवासी आणि नवे खरेदीदार यांची सोसायटी एक की दोन, पाण्याची टाकी आणि दरवाजा सामाईक की वेगळे, हेही विचारा. मला स्वतःला दरवाजा एक असलेल्या इमारती जास्त आवडतात. मुलं एकत्र खेळतात तिथं पाच वर्षांत दोन्ही बाजू एकमेकांना ओळखू लागतात.

आता जो प्रश्न लोक दबक्या आवाजात विचारतात: सोसायटी आम्हाला घेईल का? कायदा दोन ठिकाणी वेगळा वागतो. एखाद्या खासगी मालकाला तुम्हाला विकायचंच नसेल तर त्याला भाग पाडता येत नाही. पण करार झाल्यावर सोसायटी धर्म, जात, भाषा किंवा मासे खाण्यावरून सभासदत्व नाकारू शकत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० प्रमाणे पुरेसं कारण दाखवल्याशिवाय पात्र माणसाला नकार देता येत नाही. तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर सभासदत्व दिलंय असं मानलं जातं. नकार आला तर दोन महिन्यांत उपनिबंधकांकडे अपील. म्हणून अर्ज, १०० रुपये प्रवेश शुल्क, ५०० रुपये हस्तांतर शुल्क आणि सगळे नमुने पोचपावती घेऊनच द्या, तारीख तिथूनच मोजली जाते. हस्तांतरासाठी अधिमूल्य (प्रीमियम) महापालिका हद्दीत २५,००० रुपयांच्या वर घेता येत नाही. "डोनेशन" म्हणून लाख-दोन लाख मागितले तर लेखी मागणी द्या म्हणा, बहुतेकदा विषय तिथंच संपतो.

एक अपवाद माहीत असू द्या. एखाद्या समाजानं स्वतःसाठी काढलेल्या आणि उपविधीतच (सोसायटीच्या नियमावलीतच) तसं नोंदवलेल्या सोसायटीत सभासदत्व त्या समाजापुरतं ठेवणं सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये, अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या प्रकरणात, वैध ठरवलं. पारशी पंचायतीच्या बागांत (पारशी वसाहतींत) तर घरं ट्रस्टची असतात, बाहेरच्यासाठी ती विक्रीला नसतातच. तेव्हा उपविधींची प्रत टोकनच्या आधी वाचा.

आणि कायद्यापलीकडचं: सचिवांना भेटायला दोघंही जा, सासूबाईंनाही न्या. नामफलक वाचा. एका जिन्यात कुलकर्णी, डिसोझा, मेमन आणि शहा अशी नावं असतील तर तिथले नियम आधीच सगळ्यांना सामावून घेत आलेत. एकाच आडनावाची इमारत वाईट असते असं नाही, पण तिथं जिन्यातला सुक्या मासळीचा वास किंवा ईदची गर्दी हा बैठकीचा विषय होऊ शकतो. मागच्या दोन वर्षांच्या सभेची इतिवृत्तं मागितलीत तर वाद कशावर होतात तेही कळेल.

वस्ती बघायला चार वेगवेगळ्या वेळा निवडा: कामाच्या दिवशी सकाळी पावणेनऊ, शुक्रवारी दुपारी एक, रविवारी अकरा आणि कुठल्याही रात्री दहानंतर. भायखळा पश्चिमेला नागपाडा-मदनपुऱ्याकडची जाग वेगळी, पूर्वेला राणीबागेमागची शांतता वेगळी, माझगावच्या माथारपाखाडीत तर गावातच आल्यासारखं वाटतं. लालबाग-चिंचपोकळीत गणपतीचे दहा दिवस गाडी बाहेर काढता येत नाही हे धरून चला. मोहरमच्या मिरवणुकीत डोंगरीचे रस्ते वळवले जातात, आणि गिरगावात पाडव्याची शोभायात्रा असते. हे सगळं तुम्हाला हवंय म्हणूनच तुम्ही इथं येताय. पण सासूबाईंना रात्री झोप लागते का, डायलिसिससारखी ठरलेली हॉस्पिटलची फेरी असेल तर त्या दिवशी टॅक्सी दारापर्यंत येते का, हा प्रश्न खरा आहे. नायर, जेजे, मसीना जवळ असणं हा या पट्ट्याचा मोठा फायदा. अग्निशमनाचा बंब गल्लीत वळतो का, हेही उभं राहून बघा. २०१५ च्या काळबादेवीच्या आगीत दलाचे चार अधिकारी गेले, त्या भागातल्या अरुंद गल्ल्या आणि लाकडी जिने अजून तसेच आहेत.

पाण्याबद्दल "भरपूर आहे" हे उत्तर घेऊ नका. पालिकेचं पाणी किती ते किती वाजता येतं, जमिनीखालची टाकी किती लिटरची, टँकर किती घ्यावे लागले, हे सोसायटीच्या हिशेबपत्रकात दिसतं. माणशी १३५ लिटर धरा, तुमच्या पाच जणांना दिवसाला ६७५ लिटर. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या दिवशी जोराचा पाऊस लागला की सखल भागात पाणी तुंबतं. पालिका भरतीच्या तारखा आधी जाहीर करते. त्यातला एक दिवस गाठून गल्लीत चालून या, आणि मीटरची पेटी जमिनीपासून किती उंच आहे ते बघा. शक्य असेल तर त्याच वस्तीत जून ते सप्टेंबर भाड्यानं राहा. अकरा महिन्यांचा करार नोंदवा. तेवढ्या काळात एजंट दाखवत नाहीत त्या जागाही कळतात.

फिरण्याचं म्हणाल तर ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पूर्ण धावतेय. गिरगाव, काळबादेवी, ग्रँट रोडला स्थानकं आहेत. भायखळा-माझगावला मात्र ती नाही, तिथं मध्य आणि हार्बर रेल्वेच.

पैशांचा हिशेब दीड कोटीवर मांडून दाखवतो. मुद्रांक शुल्क मुंबईत सहा टक्के, म्हणजे नऊ लाख. घर फक्त बायकोच्या नावावर घेतलं तर पाच टक्के, साडेसात लाख. नवऱ्याचं नाव जोडलं की ही सवलत जाते. शुल्क करारातली किंमत किंवा रेडी रेकनर (सरकारनं ठरवलेला दर), यातल्या जास्त रकमेवर लागतं. नोंदणी ३०,००० रुपये. पन्नास लाखांपासून पुढं विक्रेत्याच्या रकमेतून एक टक्का उद्गम कर कापून तुम्ही भरायचा, इथं दीड लाख. ७५ लाखांवरच्या कर्जाला बँक किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देते, म्हणजे जास्तीत जास्त १ कोटी साडेबारा लाख. बाकी साडेसदतीस लाख आणि शुल्क, दलाली, दुरुस्ती हे स्वतःच्या खिशातून. म्हणून खर्चासकट एकूण दीड कोटीच असतील, तर घर एक कोटी तीस-बत्तीसच्या आतलं बघा. आणि बँकेला आधीच विचारा: इमारतीचं उरलेलं आयुष्य कर्जाच्या मुदतीहून जास्त असावं अशी त्यांची अट असते. १९७५ च्या इमारतीला वीस वर्षांऐवजी बारा वर्षांचं कर्ज मंजूर झालं, तर हप्ता एकदम वाढतो.

पैसे देण्याचा क्रम असा ठेवा. टोकन एक लाखाहून जास्त नको, आणि टोकन पावतीवर "शोध अहवाल स्वच्छ नसल्यास, बँकेनं नाकारल्यास, संरचनात्मक अहवाल न मिळाल्यास पूर्ण परत" हे वाक्य हवं. मग नोटीस, शोध, बँकेची तपासणी. मग करारनामा, सही केल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदणी. विक्रेत्याचं जुनं कर्ज असेल तर तुमच्या बँकेचा पहिला धनादेश थेट त्या बँकेला. शेवटचे पाच टक्के ताब्याच्या दिवशीच, रिकाम्या घरात उभं राहून: सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र, बेस्टचं आणि गॅसचं भरलेलं शेवटचं बिल, मूळ भाग दाखला आणि मूळ करारांची साखळी हातात आल्यावर, प्रत्येक नळ उघडून आणि प्रत्येक किल्ली लावून बघितल्यावर.